बाबांचा निळा ठिपका

लपूनछपून काही करणं तिला आयुष्यात कधी जमलं नाही. लहानपणी बरणीतली साखर खाल्ली तरी ओठ पुसायला विसरायची. आणि अशा बाईनं काय करावं, तर जन्मदात्या बापाच्या फोनमध्ये हेर बसवावा!

कारणही तसंच होतं म्हणा. बाबांची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त होऊन ते लेक-जावयाकडे राहायला आले, तरी शहरातल्या जुन्या लिफ्टा काही त्यांना सोडेनात. कुठे काही अडकलं की फोन यायचा, 'जरा येऊन बघता का?' आणि हे चालले पिशवी उचलून. मागच्या वर्षी बेसिनपाशी भोवळ येऊन पडले, तेव्हा लेकीनं त्यांच्याकडून शब्द घेतला, आता लिफ्ट बंद. बाबांनी मान डोलावली. मान डोलवायला त्यांचं काय जातंय? पुढच्याच आठवड्यात 'जरा पाय मोकळे करून येतो' सुरू झालं, आणि पाय मोकळे करून आलेल्या माणसाच्या शर्टावर ग्रीसचे डाग.

फोनवर लक्ष ठेवणारी ॲप तिला दोन सापडली. एक पैसे घेणारं. ते आधी समोरच्याच्या फोनवर विचारायचं, 'तुमच्या मुलीला तुम्ही कुठे आहात हे बघायचं आहे, चालेल का?' दुसरं फुकट, आणि ते कुणालाच काही विचारत नव्हतं.

"विचारलं तर नाहीच म्हणतील," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा इस्त्री करत होता. मान वर न करता म्हणाला, "मग नाही म्हणणाऱ्या माणसाला बघायचंच कशाला?"

"तू गप रे. तुझे वडील नाहीत ते."

अक्षरं मोठी करून देते म्हणून तिनं बाबांचा फोन घेतला. अक्षरं मोठी केलीही, तेवढा प्रामाणिकपणा होता. मग फुकटचं ॲप आत सोडलं. आता चष्म्याच्या दुकानात काचा घासता घासता ती मध्येच स्वतःचा फोन उघडायची. नकाशावर एक निळा ठिपका रस्त्यांतून हळूहळू सरकत असायचा. ते बाबा. बघून जिवाला जरा बरं वाटायचं.

एका सकाळी चहा घेताना बाबा वैतागले. "या फोनला झालंय काय? परवा त्या दातांच्या दवाखान्याच्या इमारतीत गेलो... म्हणजे, इमारतीवरून गेलो. तेव्हापासून नुसत्या कवळ्यांच्या जाहिराती दाखवतोय! अरे, माझे दात शाबूत आहेत. मी तिथे गेलो होतो हे याला सांगितलं कुणी?"

नवऱ्याला हसू आवरेना. तिच्या मात्र डोक्यात प्रकाश पडला. बाबा कुठे जातात हे त्या फुकटवाल्यांनी तिच्यासोबत आणखी कुणाकुणाला सांगून टाकलं होतं, देव जाणे. उद्या काढून टाकू, असं तिनं ठरवलं. तो उद्या काही उजाडला नाही.

आणि मग एका दुपारी ठिपका थांबला. एकाच इमारतीवर, हलेचना. तिनं फोन केला, कुणी उचलला नाही. पुन्हा केला, तेच. डोळ्यांपुढे नुसतं ते बेसिन यायला लागलं. गिऱ्हाईकाच्या फ्रेममध्ये एकच काच बसवली होती. "आलेच हं," म्हणाली आणि तशीच पळत सुटली.

इमारतीच्या दारात पोचली तेव्हा तिला धड श्वास घेता येत नव्हता. समोरची लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आणि आत बाबा! हातात पाना, कपाळावर ग्रीसचा काळा पट्टा, चेहरा असा खुललेला की बास.

"अगं! तू इथे कशी?"

"ठिपका हललाच नाही!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"कसला ठिपका?"

झालं! दुपारभर बाबा लिफ्ट तपासत खालीवर करत होते आणि फोन पिशवीत पडून होता. वर आणि खाली हे त्या ॲपला कळतच नव्हतं. तिनं सगळं सांगून टाकलं. बाबांनी शांतपणे पाना पुसला. ते चिडले की असेच शांत होतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो. म्हणून विचारायचंच नाही?"

"आणि तुम्ही? पाय मोकळे करायला जातो म्हणे!"

"खोटं बोललो, कबूल. पण मी कधी तुझी पर्स उघडून बघितली नाही."

दुसऱ्या दिवशी बाबा बाहेर पडले ते फोन टेबलावर ठेवूनच. तो फोन बघून तिला रडू कोसळलं. लपून बघायला गेली आणि होतं तेही गमावून बसली. आता भोवळ आली तर ते कळवणार तरी कशानं?

संध्याकाळी ती त्यांच्यासमोर बसली. त्यांच्या देखत ते फुकटचं भूत फोनमधून काढलं. "चुकलं माझं, बाबा," म्हणाली. मग दुसरं, पैशांचं ॲप दाखवलं. प्रश्न उमटला तसा बाबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला.

"हे बंद करता येतं?"

"तुम्हाला वाटेल तेव्हा. चालू-बंद तुमच्याच हातात."

"आणि माझं काम?"

"करा. पण..."

"पणबिण नको."

"करा."

बाबांनी 'चालेल'वर बोट ठेवलं आणि लगेच बंदचं बटण दाबलं. "बघितलं, खरंच बंद होतं का!" म्हणाले. तिला राग यावा की हसू यावं ते कळेना. शेवटी पलीकडे बसलेल्या नवऱ्यासकट तिघंही हसली.

मग रोजच नकाशा कोरा. "पैसे भरून कोरा कागद बघणारी बायको मला मिळाली," नवरा चिडवायचा. सुरुवातीला तिचा जीव खालीवर व्हायचा. पण आता बाबा ग्रीसचे डाग लपवत नव्हते. जेवताना कुठली लिफ्ट, काय बिघडलं, कोणत्या आजीनं आत अडकल्यावरही विणकाम सोडलं नाही, सगळं रंगवून सांगायचे. इतके दिवस ठिपका बघून तिला यातलं काहीच कळलं नव्हतं. घर कसं मोकळं झालं.

एके दिवशी दुकानात तिचा फोन थरथरला. नकाशावर निळा ठिपका उगवला होता. तिनं लगेच फोन लावला.

"बाबा! काय झालं?"

"काही नाही गं. दिसतोय का मी?"

"दिसताय."

"हं. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढायचंय आणि इथली शिडी जरा उंच आहे. म्हटलं, तुला माहीत असलेलं बरं."

'चढू नका' अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते मोठ्या कष्टानं मागे सारलं.

"सावकाश चढा," ती म्हणाली. "मी आहे इथे."

फोन काचांशेजारी ठेवून ती कामाला लागली. ठिपका जागच्या जागी होता, हलत नव्हता. तिनं एक काच घासली, दुसरी घासली, फ्रेममध्ये बसवली, पुसून ठेवली. मग ठिपका मालवला.

उतरले बाबा, तिनं मनाशी म्हटलं, आणि पुढच्या गिऱ्हाईकाला आत बोलावलं.