चार वाजताचं ताट

शाळेचं पत्र दाराच्या फटीतून आत पडलं तेव्हा घरात डॉक्टर शशिकांत गद्रे एकटेच होते, आणि ते त्यांनी उघडलं. पत्र खरं म्हणजे मुलाच्या आणि सुनेच्या नावाचं होतं. पण मुलाच्या घरी राहायला आलेल्या बापाला आपलं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं हे हळूहळू कळेनासं होतं, त्यातून लिफाफ्यावर आरोग्यखात्याचं नाव. इयर सिक्समधल्या, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांची उंची आणि वजन शाळेत मोजतात, त्याचा तो निकाल होता. नातीचं, तनिषाचं, वजन तिच्या वयाच्या मानानं फारच जास्त आहे, असं अगदी गोड भाषेत लिहिलेलं होतं.

ही गोड भाषा डॉक्टरांना तोंडपाठ होती. बर्मिंगहॅममध्ये लहान मुलांचे डॉक्टर म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि त्यातल्या शेवटच्या बारा वर्षांत दर बुधवारी लठ्ठ मुलांचं क्लिनिक चालवलं. अशी पत्रं घेऊन येणाऱ्या आयांना समोर बसवून ते ऐकवत. गुडघे दुखायला लागतात, झोपेत श्वास अडकतो, यकृतावर चरबी चढते, ऐन तरुणपणात डायबेटिस मागे लागतो. सगळं खरंच होतं. आया खाली मान घालून ऐकायच्या आणि बऱ्याचजणी पुन्हा यायच्याच नाहीत. मग डॉक्टर घरी येऊन बायकोला, प्रमोदिनीबाईंना, सांगायचे, की लोकांना पोरांची काळजी म्हणून नाही.

आणि इथे त्यांची स्वतःची नात जिना चढताना मध्येच थांबत होती, तिचं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू येत होतं, भर जूनमध्ये ती स्वेटरसारखा जाड जंपर अंगातून काढत नव्हती. हे सगळं ते रोज बघत होते आणि म्हणत होते, बाळसं आहे, उंची वाढली की जाईल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात व्हायचं तेच झालं. सीमा, म्हणजे सून, हॉस्पिटलात बाळंतपणं करणारी मिडवाइफ होती. ती बारा तासांची शिफ्ट करून आलेली होती. तिचं म्हणणं, आजोबांच्या वरणभातावरचं तूप जरा जास्तच असतं. आजोबांचं म्हणणं, बाटलीतल्या सॉसचा पास्ता आठवड्यातून चारदा होतो. मुलगा अंशुमन ब्रॅकनेलच्या एका कंपनीचं काम वरच्या खोलीत बसून करायचा. त्याचं म्हणणं पडलं की हल्लीच्या शाळाच मुलांना पळवत नाहीत. एकमेकांकडे बोटं दाखवून झाल्यावर तिघांच्याही लक्षात आलं, की तनिषा जिन्यात बसून सगळं ऐकत होती.

त्या दिवसापासून ती आजोबांच्या नजरेला नजर देईना. शाळेतून आली की एरवी तिची बडबड सुरू व्हायची. कोणती मैत्रीण कुणाशी बोलत नाही, टीचर कशा चिडल्या, सगळं आजोबांना कळायचं. आता ती नुसती समोर बसायची आणि गुपचूप जेवायची. डॉक्टरांना वजनाची भीती वाटत होतीच, पण या गप्प बसण्याची त्याहून जास्त वाटायला लागली. मान खाली घालून उठून गेलेल्या त्या आया त्यांना आठवायच्या. पोरगीही तशीच उठून गेली तर मग तिच्यासाठी काही करणं आपल्या हातात राहणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटी त्यांनी आपल्या जुन्या खोक्यातून क्लिनिकचा एक फॉर्म काढला. एक आठवडा जे खाशील ते लिही, म्हणाले, कुणी रागावणार नाही. फॉर्मवर वेळ, पदार्थ, किती खाल्लं असे रकाने होते आणि अगदी शेवटी एक अरुंद रकाना होता, 'सोबत कोण?' तो क्लिनिकमधल्या आसावरी नावाच्या आहारतज्ज्ञ बाईनं हट्टानं घालायला लावला होता. डॉक्टरांनी बारा वर्षांत तो कधी वाचला नव्हता. मनातून त्यांची खात्री होती की चोर सॉसच्या बाटलीतच सापडणार.

रविवारी सकाळी ते लाल पेन घेऊन बसले. सोमवार, चार वाजता, दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरणभात. सहा वाजता पास्ता. सव्वाआठला पुन्हा पास्ता आणि गार्लिक ब्रेड. मंगळवार तसाच, बुधवार तसाच. शाळेतलं जेवण धरून पोरगी दिवसाला चारदा भरलेलं ताट खात होती. आणि शनिवारी मात्र दोनदाच. शनिवारी डॉक्टर पिनरला उदय नावाच्या मित्राकडे गेले होते आणि मुलगा-सून दोघंही घरी होते. हे काय गौडबंगाल आहे ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा रकाना वाचला.

चार वाजता: आजोबा. सहा वाजता: बाबा, आणि कंसात लॅपटॉप. सव्वाआठ: आई. पाचही दिवस तेच.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नातीला हाक मारली. चार वाजता तुला भूक लागलेली असते का, असं त्यांनी विचारलं.

"नाही. शाळेत जेवते ना मी."

"मग जेवतेस का गं?"

ती सपातांकडे बघत म्हणाली, "आजी गेली तेव्हा आईनं सांगितलं होतं, आजोबांबरोबर बस, तू बसली की ते खातात. मी आधी नुसतं बसली. तर तुम्ही दोन घास खाऊन स्पून खाली ठेवला. मग मी पण खाल्लं, तर तुम्ही सगळं फिनिश केलं." जरा थांबून ती म्हणाली, "बाबांना पण एकटं बोअर होतं. आणि आई शिफ्टनंतर एकटी जेवली की रडते कधी कधी."

"आणि तुझं नेटबॉल? तू जायचीस ना?"

"ते थर्सडेला शाळेनंतर असतं. मग तुमचं जेवण राहील."

दोन वर्षांपूर्वी बायको गेल्यावर डॉक्टर चहा-बिस्किटांवर दिवस काढायला लागले होते, म्हणून तर मुलानं त्यांना इथे आणलं. आपण सावरलो ते आपल्या मनाच्या बळावर, असं ते सगळ्यांना सांगायचे. त्यांना सावरलं होतं आठ वर्षांच्या पोरीनं, भूक नसताना पोळ्या खाऊन. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि आपल्यावर कुणाचा इतका जीव आहे हे कळून भरूनही आलं. दोन्ही एकदमच झालं, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

दुपारी त्यांनी तो कागद अंशुमन आणि सीमापुढे ठेवला. लाल पेनाची एकही खूण त्यावर नव्हती. वाचून सीमा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. ठरलं एवढंच, की साडेसहाला सगळ्यांनी एकत्र बसायचं, लॅपटॉप वरच्या खोलीत राहील, आणि शिफ्टच्या दिवशी सीमा डबा नेऊन तिथल्या मैत्रिणींबरोबर जेवेल. वजनाचं पुढचं पुढे, घाई नको, असं डॉक्टरच म्हणाले. राहिलं ते चार वाजताचं ताट, त्यांचं दिवसातलं मुख्य जेवण, आणि त्याची परीक्षा एकट्या डॉक्टरांची होती.

सोमवारी त्यांनी साडेतीनलाच वरणभात गरम केला आणि रिकाम्या खुर्चीसमोर बसले. पहिला घास तोंडात नुसता फिरत राहिला. पण त्यांनी शेवटच्या शितापर्यंत खाल्लं, ताट विसळून ठेवलं आणि नात आल्यावर सांगितलं, मी जेवलो.

तनिषानं रॅकवरच्या ताटाला बोट लावून बघितलं, ते ओलं होतं. मग तिनं कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून आत वाकून बघितलं. सुरुवातीच्या त्या दिवसांत डॉक्टर भरलेलं ताट तिथे रिकामं करायचे. ते कुणाला माहीत नाही, असं त्यांना आजवर वाटत होतं.

डब्यात काही नव्हतं. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"थर्सडेला मला यायला पाच वाजतील. तुम्ही जेवणार?"

"जेवेन."

"मग त्या दिवशी प्लेट धुवू नका. मी आल्यावर बघणार."

गुरुवारी ती सव्वापाचला आली. तोंड लाल झालेलं, केस कपाळाला चिकटलेले, जंपर कमरेला बांधलेला. बॅग तशीच पाठीवर ठेवून ती आधी सिंकपाशी गेली. ताट तिथे होतं. कडेला वरण वाळलेलं, भाताचं एक शीत चिकटलेलं. तिनं बाह्या वर सारल्या आणि ते स्वच्छ धुऊन ठेवलं. मग खुर्ची ओढून आजोबांजवळ बसली आणि नेटबॉलमध्ये काय काय झालं ते सांगायला लागली.