मी नसलेला बुधवार

आमच्या लेकीला प्रश्न विचारायची खोड लहानपणापासूनची, आणि आता तर तिला त्याचाच पगार मिळतो. लोकांच्या धंद्यावर कुठली कुठली संकटं येऊ शकतील, ते ती दिवसभर शोधत बसते. रविवारी तिचा फोन आला.

"बाबा, उद्या तुम्ही दुकानात गेलाच नाहीत तर काय होईल?"

"कुलूप राहील," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी. सहा आठवडे कुलूप राहिलं तर गिऱ्हाईक थांबेल का?"

मी अडचणीच्या पायांचे बूट बनवतो. एक पाय आखूड, टाच वळलेली, बोटं एकमेकांवर चढलेली, असे पाय बाजारातल्या बुटात मावत नाहीत. ते माझ्याकडे येतात. एकतीस वर्षं हे काम मी एकट्याने केलंय. बायको काउंटर सांभाळते, पावत्या फाडते, झालेली जोडी पिशवीत घालून देते. हत्यारांना हात फक्त माझा. पुढच्या सोमवारी माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. घरात मी सांगितलं होतं, सहा आठवडे विश्रांती, मग सगळं पूर्वीसारखं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "चालाल, फिराल, माणसं ओळखाल. बारीक कामाचं मात्र मी काही सांगू शकत नाही." आणि डावा डोळा तर कधीचाच नावाला उरलाय. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? उगाच घरभर तोंडं उतरली असती.

लेकीने प्रश्नांची यादी धाडली आणि मी मुकाट्याने एका वहीत उत्तरं लिहायला बसलो. चामडं कुणाकडून येतं, मशिनचा पट्टा सरकला तर कुठे चापट मारायची, गोंद किती वेळ वाळू द्यायचा. मग फळीवरचे साचे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा माझ्याकडे आहे आणि प्रत्येकाला मी एक टोपणनाव ठेवलंय. 'तक्रारखोर', 'डावा राजा', 'घाईवाला'. कोण कुठला ते लिहून काढलं. सहा आठवड्यांत नवं काम घ्यायचं नाही, असलेलं सांभाळायचं, एवढं ठरलं.

पण लेकीचं समाधान होईल तर शपथ! "बुधवारी तालीम करा," ती फोनवरून आम्हा दोघांना म्हणाली. "आई दुकान चालवेल, वहीत बघून. बाबा तिथेच बसतील, पण ते नाहीतच असं समजायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. मग कळेल कुठे अडतं ते."

"अगं, हे काय नाटक आहे?"

"नाटकाचीसुद्धा तालीम होते, बाबा."

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मायलेकी एक झाल्या की माझं काय चालतंय!

बुधवारी मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. बोलणं निघू नये म्हणून तोंडात चार खिळे धरले. काम करतानाची माझी ती सवयच आहे. सकाळ बरी गेली. 'तक्रारखोर' आला, तक्रार करून गेला. बायकोने मशिनला चापट मारली, पट्टा जागेवर बसला. मी मनात म्हटलं, ठीक आहे.

अकराच्या सुमारास गाण्याच्या बाई आल्या. शाळेत गाणं शिकवतात; डावा पाय इंचभर आखूड, म्हणून त्या बुटाचा तळ उंच. बायकोने वही उघडली आणि शिकवल्यासारखं मोठ्याने वाचलं, "गाण्याच्या बाई. बुटाचा नंबर सहा सांगायचा, द्यायचा सात."

मी खिळे चावले. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"ते आज नाहीयेत," बायको म्हणाली.

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. हसू ओसरल्यावर त्यांनी पिशवीतून डावा बूट काढला. उंच तळाची शिवण बोटभर उसवली होती. गेल्याच आठवड्यात नेलेली जोडी! दुसऱ्या दिवशी त्यांच्या शाळेत कार्यक्रम होता, दोन तास उभं राहायचं होतं.

उंच तळाची शिवण दोन सुयांनी घालायची असते, एक इकडून, एक तिकडून, प्रत्येक टाका दोन्ही हातांनी सारखा ओढून. वहीत मी त्यापुढे लिहिलं होतं: 'हे फक्त मी.' मी उठायला लागलो, तर बायकोने नुसतं बोट वर केलं. बस खाली.

तिने दोऱ्याला मेण लावलं. बूट गुडघ्यांमध्ये धरला. आरीने भोक पाडलं, दोन्ही सुया घातल्या, ओढलं. मग दुसरं भोक. वहीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. वीस मिनिटांत शिवण घातली, टाचेवर दोनदा हातोडी मारली आणि बूट बाईंच्या पायात चढवला. बाई चार पावलं चालल्या, ठीक आहे म्हणाल्या आणि गेल्या.

मी खिळे हातावर थुंकले. "तुला कुणी शिकवलं हे?"

"तुम्ही नाहीयात."

"पुरे झाली तालीम! कुणी शिकवलं?"

ती आरी पुसत राहिली. "तीस वर्षं समोर बसलेय. डोळे आहेत मला." मग म्हणाली, "दीड वर्ष झालं. तुमचे टाके एका रेषेत येईनात. दुपारी तुम्ही आडवे झालात की मी उसवून परत घालायचे. ही जोडी तुम्ही शिवल्या शिवल्या देऊन टाकलीत. मला दुपार मिळाली नाही."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी फळीवरच्या तयार जोड्या ओढून काढल्या आणि शिवणीवरून बोट फिरवलं. एकेक टाका सरळ, घट्ट. परवा एक जण म्हणाला होता, तुमच्या हातात अजून तीच जादू आहे, आणि मी मान डोलावली होती. लाज वाटली. रागापेक्षा लाज जास्त.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते? तुमचा हात बिघडलाय म्हणून? दोन दिवस जेवला नसतात."

खरं होतं. जेवलो नसतो.

मी पुन्हा स्टुलावर बसलो. बायको माझी लाज दीड वर्षं झाकत होती आणि मी तिच्यापासून डॉक्टरांचं बोलणं लपवत होतो. मला ते सहन होईना.

"सहा आठवड्यांचं खोटं आहे," मी म्हणालो. "बारीक काम परत जमेलच असं नाही. जमेल की नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही. मला भीती वाटते गं."

तिचे डोळे भरले, ते तिने मनगटाने पुसले. मग जाऊन दाराला आतून कडी घातली आणि चामड्याची गुंडाळी टेबलावर पसरली.

"शिवण उसवता येते," ती म्हणाली. "कापलेलं चामडं वाया जातं, म्हणून कापण्याला मी कधी हात लावला नाही. ते येत नाही मला. सोमवारपर्यंत पाच दिवस आहेत. तुम्हाला दिसतंय तोवर शिकवा."

पहिलाच तुकडा तिने वाकडा कापला. इतकं महाग चामडं! मी ओरडलो.

"ओरडा हवं तेवढं," ती म्हणाली, "पण हात धरून दाखवा."

मी तिच्या मागे उभा राहिलो, सुरी धरलेला तिचा हात हातात घेतला आणि रेघेवरून सावकाश पुढे नेला.