पोत्यातलं पिल्लू

ओमायरा बाई आमच्या शाळेत येईपर्यंत पेरिकोचा विचार कुणी केला नव्हता. बाहेरगावचे लोक त्याला स्लॉथ म्हणतात. आमच्याकडे त्याचं नाव पेरिको लिहेरो, म्हणजे चपळ पेरिको. दिवसदिवस एका फांदीला लटकून राहणाऱ्या जनावराला हे नाव कुणी ठेवलं देव जाणे.

दलदलीच्या काठच्या ग्वारुमोच्या झाडांवर ते असायचे. माझा धाकटा भाऊ एदिल त्यांची पिल्लं काढून आणायचा आणि हमरस्त्यावर पिल्लू छातीशी धरून उभा राहायचा. समुद्रावर सुट्टीला निघालेल्या गाड्या थांबायच्या, आतली मुलं पिल्लाला मिठी मारून फोटो काढायची. एखादं कुटुंब ते विकतही घ्यायचं. शेजारीच माझी कढई. अंडं भरलेल्या मक्याच्या आरेपा मी तिथे तळायची. नवरा उराबाच्या केळीच्या मळ्यांत कामाला, वर्षातून एकदा घरी यायचा. चूल पेटायची ती एदिलच्या जिवावर. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला राक्षस समजाल.

एक दिवस माझी मुलगी यारलिस शाळेतून आली ती हात चोळतच.

"आई, आज बाईंनी आम्हाला लटकवलं."

बाईंनी अंगणात दोन झाडांना आडवा बांबू बांधला होता. एकेकाने त्याला लटकून पेरिकोसारखं हळूहळू पुढे सरकायचं. सगळ्यांनी हसून घेतलं. मग यारलिस झाली आई आणि पहिलीतली सगळ्यात छोटी पोर तिच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू. बाई बाकीच्यांना म्हणाल्या, आता सोडवा या दोघींना. मुलं ओढायला लागली तशी ती छोटी आधी खिदळली, मग तिने यारलिसच्या मानेत बोटं रुतवली आणि खरीखुरी रडायला लागली. खेळ तिथेच थांबला.

"बाई म्हणाल्या, पिल्लू महिनोन्‌महिने असंच आईला धरून असतं. आईला काही झाल्याशिवाय ते हातात येत नाही. आणि त्याचं तोंडच तसं असतं, आई. घाबरलं तरी हसल्यासारखं दिसतं."

रात्री एदिल जेवायला बसला. ताटात उकडलेला युकाचा कंद होता. यारलिस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, तू त्याच्या आईचं काय करतोस?"

"कुणाच्या आईचं?"

"पिल्लाच्या."

एदिलने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासत राहिले.

"झाड पाडलं की ती पण पडते."

"मग?"

"मग काय मग? मास्तरीण झालीस का? जेव गुपचूप."

ती जेवली नाही.

त्या शनिवारी गोरा आला. त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही. केस पिवळट, म्हणून सगळे गोराच म्हणायचे. पांढरा ट्रक घेऊन तो शहरातून यायचा आणि गावोगावची पिल्लं एकदम उचलायचा. पुढे ती कुठे जायची हे कुणी विचारत नसे. तो कधी आवाज चढवत नसे. नदीपलीकडच्या एकाने त्याला फसवलं होतं. महिन्याभरात त्याचं घर जळालं, आणि पुढच्या खेपेला गोऱ्यानेच त्याच्या बायकोच्या हातात तांदळाची गोणी ठेवली. "वाईट झालं हो," असंही म्हणाला.

तो माझ्या कढईपाशी बाकावर बसला. यारलिस तिथेच कागद कापत होती.

"काय गं, हल्ली शाळेत काय शिकवतात?"

कुणी विचारायचाच अवकाश होता. तिने सगळं सांगितलं, बांबूपासून. पेरिको पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. बाईंनी शाळेच्या भिंतीवर फोन नंबर लिहिलाय. कुणी पिल्लू विकताना दिसलं तर मोठ्यांकडून कळवायचं. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तेलातली आरेपा काळी पडली तरी माझा हात हलेना.

"हुशार आहे पोर," गोरा म्हणाला. "बाईंचं नाव काय?"

"शाळेत काय, बाया येतात नि जातात," मी मध्येच म्हटलं.

"असं काय गं आई. एकच तर बाई आहेत. ओमायरा बाई."

गोऱ्याने तिला गार सरबत घेऊन दिलं. जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, पोरीला जपा. गुणी आहे."

सोमवारी शाळेच्या कडीला एक प्लास्टिकची पिशवी लटकलेली होती. मुलांना वाटलं शिंपले आहेत. त्यांनी ते तळहातावर ओतून घेतले. वाकडी, पिवळट, बोटाएवढी नखं होती ती, बुडाशी रक्त वाळलेलं. पिल्लांनी गिऱ्हाइकांना ओरबाडू नये म्हणून पकडणारे ती कापतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी एकेका मुलाच्या हातातून ती काढून घेतली आणि सगळ्यांना हात धुवायला लावले. दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा रिकामी होती.

मी बाईंना सांगायला गेले की हे बंद करा. पाहते तर बाई ओल्या फडक्याने भिंतीवरचा नंबर पुसत होत्या.

"यारलिसची आई," त्या न वळताच म्हणाल्या, "मला वाटायचं मी धीट आहे."

"बाई, तो माणूस बरा नाही."

"काल दाराला बाक लावून झोपले. झोपले कसली, कुत्रं भुंकलं की उठून बसत होते."

"मग नका ना शिकवू ते."

"नाहीच शिकवत. आज भागाकार घेतला. पण मुलंच विचारतात, बाई, त्या नखांचे पेरिको कुठे आहेत? त्यांना काय सांगू, तुम्हीच सांगा."

मी तशीच निघाले. पण नंबर पुसला गेला म्हणून घरी येताना मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

गुरुवारी सकाळी एदिलने पोत्यात घालून एक पिल्लू आणलं आणि मागच्या पडवीत सावलीला टांगलं. दुपारी गोरा येणार होता. त्याआधी नखं कापायची होती. मी तेल आणायला दुकानात गेले, एदिल पक्कड शोधायला. परत आलो तर पोतं रिकामं. यारलिस घरात नव्हती. काठावरची आमची छोटी होडीही नव्हती.

"पिल्लू नाही दिसलं तर गोरा मला..." एदिलचं तोंड पांढरं पडलं.

"एदिल, माझी पोर पाण्यात गेलीय."

त्याने हातातली पक्कड टाकली. शेजाऱ्याची होडी सोडून आम्ही निघालो. त्या दिवसांत दलदल फुगलेली असते. कुंपणांच्या काटेरी तारा पाण्याखाली गेलेल्या, कुठे होडी अडेल सांगता येत नाही. सुसरीही काठाच्या गवतात येऊन पडतात. यारलिसला दोन हात मारण्यापुरतंच पोहता येत होतं. आणि मला तिला हाक मारता येत नव्हती. पाण्यावरून आवाज लांब जातो. गोरा घराजवळच्या धक्क्यावर आला असला तर त्याने ऐकलं असतं. आई असून मी पोरीचं नाव कुजबुजत होते. यारलिस, यारलिस. वल्ह्याचा आवाजही मला मोठा वाटत होता.

जलपर्णीत अडकलेली आमची होडी दिसली. आत कुणी नव्हतं. तिची एक चप्पल तेवढी तळाशी साचलेल्या पाण्यात तरंगत होती. मी उठून उभी राहिले तशी होडी कलंडायला आली. एदिलने मला हाताला धरून खाली बसवलं. "थांब, ताई. ऐक."

बारीक शीळ ऐकू आली. पिल्लू आईला बोलावतं तशी.

एदिलला जागा माहीत होती. आमची होडी मागे बांधून त्याने तिकडे वल्हवलं. सकाळी त्याने पाडलेलं झाड पाण्यात आडवं पडलं होतं, पानं अजून हिरवी. शेजारच्या ग्वारुमोवर, आमच्या डोक्यांच्या बऱ्याच वर, यारलिस बसली होती. पिल्लू तिच्या छातीला चिकटलेलं. त्याची नखं तिच्या खांद्यात गेली होती आणि फ्रॉकवर रक्ताचे ओघळ आले होते. ग्वारुमोच्या पोकळ खोडात मुंग्या असतात. त्या तिच्या हातापायांवर चढल्या होत्या. हात टम्म सुजले होते. ती त्यांना झटकतही नव्हती.

"आई, ओरडू नकोस," ती हळूच म्हणाली. "त्याची आई बिचकेल."

"खाली ये, यारलिस," एदिल म्हणाला.

"ती आली की येते."

"ती यायची नाही."

"येते. पिल्लाने शीळ घातली की आई शोधत येते. बाईंनी सांगितलंय."

एदिल पाण्यातल्या त्या आडव्या खोडाकडे बघत राहिला.

"बाईंचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण ही नाही येणार. झाड पडलं तेव्हा ती खाली सापडली. मीच पाडलं ते."

यारलिसने पिल्लाचं डोकं हाताने झाकून घेतलं.  मग एका हाताने पिल्लाला धरून उतरली. मी तिला आमच्या होडीत घेतलं आणि तिच्या अंगावरच्या मुंग्या वेचत होते, तेवढ्यात धक्क्यावरून ट्रकचा भोंगा वाजला.

एदिलने आमची होडी उंच गवतात ढकलली. "इथून हलायचं नाही. काही झालं तरी. आणि त्याला गप्प ठेवा." शेजाऱ्याची होडी घेऊन तो एकटाच गेला.

धक्का दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं. पिल्लू मी पोलक्याच्या आत घेतलं. त्याचा एकेक हात सावकाश माझ्या पाठीकडे सरकला आणि नखं कातडीत बसली. त्याचं काळीज माझ्या काळजाशी धडधडत होतं. माझंही त्याला जाणवत असणार.

"मेलं," एदिलचा आवाज आला.

"अरेरे," गोरा म्हणाला. "मग दाखव."

"पाण्यात टाकलं. सुसरीने नेलं."

"एदिल, तू माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीस." तो थांबला. "पोर कुठंय रे तुझ्या बहिणीची? शाळेत तर नाही आली म्हणतात."

एदिल काय म्हणाला ते कळलं नाही. पुढे ओरडणं नाही, शिवी नाही. ओलं पोतं फळीवर आपटावं तसा आवाज आला, परत आला, परत आला. मी यारलिसचे कान झाकले. तिने माझे हात बाजूला केले. पिल्लाने तोंड उघडलं. मला वाटलं, संपलं आता. पण त्याने तोंड माझ्या मानेत खुपसलं आणि ते गप्प झालं. का झालं ते मला माहीत नाही.

मग गोऱ्याचा आवाज पाण्यावरून आला, अगदी मऊ.

"वहिनी, आरेपा गार होतात. मी शनिवारी येतो."

ट्रक गेला. सावल्या लांब होईपर्यंत आम्ही गवतातून हललो नाही.

एदिलचा डावा हात मोडला होता. समोरचे दात गेले होते. तो धक्क्यावर बसून रक्त थुंकत होता. आम्हाला बघून एवढंच म्हणाला, "बाईंकडे चला."

बाईंनी दार उघडलं, पिल्लू पाहिलं आणि आमच्या मागे रस्त्यावर कुणी आहे का ते पाहिलं. पाण्याचा पेला त्यांच्या हातून सांडला. मला वाटलं, त्या दार लावून घेतील. मीही लावलं असतं. पण त्यांनी कपड्यांची टोपली रिकामी केली, तळाशी टॉवेल गुंडाळून ठेवला आणि म्हणाल्या, "याला धरायला काहीतरी लागतं. दूध देऊ नका, मरेल. सकाळची पहिली बस." बाकीचं त्या चालता चालता बोलत होत्या. शहरात जखमी जनावरांचं केंद्र आहे, तिथल्या डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत.

बसमध्ये आम्ही वेगवेगळे बसलो. टोपली बाईंच्या मांडीवर, वर कणसं रचलेली. हमरस्त्याच्या नाक्यावर गोऱ्याचा एक माणूस आत चढला. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. एदिलच्या सुजलेल्या तोंडावर ती जरा थांबली. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला बाहेरचं काही दिसत नव्हतं. तो पुढच्या गावाला उतरून गेला. मी वळून बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते.

आम्ही गावी परत गेलो नाही. केंद्रातून दवाखाना, दवाखान्यातून उराबा, नवऱ्याच्या मळ्यातल्या चाळीत. एदिलचा हात वाकडाच बसला. तो आता केळीची खोकी चिकटवतो. आमचं घर कुणी जाळलं नाही. त्यात आता दुसरंच कुणी राहतं म्हणे. बाईंनी बदली मागितली होती, ती मिळाली. पण शाळा सोडण्याआधी त्या उरलेल्या मुलांना घेऊन केंद्रात गेल्या आणि पिल्लू दाखवून आणलं. नखं शाबूत आहेत म्हणून ते जगेल, असं डॉक्टरीणबाईंनी मुलांना सांगितलं.

ते जगलं. वर्ष उलटल्यावर बाईंचा फोन आला की त्याला जंगलात सोडलं. यारलिसने फोन माझ्या हातून घेतला.

"कुठे सोडलं, बाई?"

"ते कुणालाच सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "तुलासुद्धा नाही."

मला वाटलं, पोर हिरमुसेल. पण तिने थोडा विचार केला. "बरोबर आहे," म्हणाली. "मी सांगून टाकते सगळ्यांना."

एवढं बोलून ती खेळायला गेली. मी उंबऱ्यात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मळ्याच्या रस्त्याने एक ट्रक येत होता. त्याचा रंग कोणता ते नीट दिसेपर्यंत माझा पाय उंबऱ्यातून हलला नाही.