वाकडा घोडा

फरशीवाल्याला वाकडं बघवत नसे. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचा, मग पाणी प्यायचा. हौशी बुद्धिबळ स्पर्धेत त्याची गाठ नेमकी साडूशी पडली, आणि त्या चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या साडूला ही खोड पुरती ठाऊक होती.

दोघांची पैज होती: हरेल त्याने सासऱ्यांना कायमचं घरी न्यायचं. सासरे तोंडाचे फटकळ, घोरण्यात पटाईत आणि स्पर्धेचे एकुलते एक पंच. पैजेची कुणकुण लागल्यावर ते बॅग भरूनच आले. "उगाच दोन खेपा नकोत," म्हणाले.

साडूने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, फरशीवाल्यानेही. साडूने घोडा काढला. फरशीवाल्याने उत्साहाच्या भरात वजीरच त्या घोड्यासमोर आणून उभा केला. तेव्हा साडू "सावरतो हं" म्हणाला, आपल्याच घोड्याचं तोंड सावकाश भिंतीकडे फिरवलं आणि दुसरीकडे एक प्यादं सरकवून मोकळा झाला.

फरशीवाल्याने हात मांडीखाली दाबला, डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनाही घोडा वाकडाच दिसत होता! शेवटी हात गेलाच, जिभेच्या आधी.

"हात लावला!" सासरे गरजले. "'सावरतो' न म्हणता दुसऱ्याच्या सोंगटीला हात लावला की ती मारावीच लागते. नियम म्हणजे नियम, जावईबापू."

वजिराने घोडा मारला, प्याद्याने वजीर. पुढे साडूने अधाशासारखं दिसेल ते खाल्लं. फरशीवाल्याचा एकटा राजा कोपऱ्यात उरला, आणि तिथेच साडूचा हावरेपणा नडला. राजाला शह नव्हता, पण जायला घरही नव्हतं.

"बरोबरी," सासरे म्हणाले.

कुणी हरलं नाही, म्हणजे कुणी न्यायचंही नाही. साडू आधी चरफडला, मग हे ध्यानात येताच हसला आणि दुकानाची सबब सांगून सटकला.

फरशीवालाही सुटला होता. पण सासऱ्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या, बॅग उचलली आणि कुणाच्या दारी जावं ते न सुचून मधेच उभे राहिले. त्यांची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. फरशीवाल्याने पुढे होऊन ती सरळ केली.

सासऱ्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "'सावरतो' म्हणालात का?"

'हो' म्हटलं असतं तर सुटला असता.

"नाही, मामा."

"मग नियम म्हणजे नियम," म्हणत सासऱ्यांनी बॅग त्याच्या हातात दिली.