वीस कोरे कागद

मी शिक्का बोलतोय. धानोरा तालुका शाखेचा, लाकडी मुठीचा, रबरी तोंडाचा. पक्षाचं नाव माझ्या तोंडावर उलटं कोरलंय, पण ते मी घेणार नाही. घेतलं की माझं डोकं भडकतं, आणि मला आज सगळं नीट सांगायचंय.

१९८१ साली चंद्रपूरच्या एका दुकानात मी जन्मलो. पक्षाच्या राज्य शाखेत तेव्हा नुकतीच फूट पडली होती. मुंबईच्या कचेरीतल्या खुर्च्यासुद्धा दोन गटांनी वाटून घेतल्या म्हणे. मग माणसं आपल्याकडे ओढायला ‘गाव तिथे शाखा’ असं फर्मान निघालं. गावावर तालुका, तालुक्यावर जिल्हा, जिल्ह्यावर राज्य. या सगळ्याच्या तळाशी आमचा मुखरू. सायकलवर जंगल तुडवत त्याने चाळीस गावांत सभासद केले आणि तो तालुक्याचा चिटणीस झाला. मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात राहायचो.

पुढच्याच वर्षी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. माझ्या तोंडावर तर ‘जि. चंद्रपूर’! नवा शिक्का मागितला, तर जिल्हा शाखेने आज-उद्या करत वर्ष काढलं. शेवटी मुखरूने ब्लेडने ती ओळ खरवडली. तेव्हापासून मी उमटलो की खाली रिकामी जागा राहते.

त्या जागेवरून मला ओळखायची ती गुणाबाई. तिला अक्षर येत नव्हतं. जंगलाच्या कडेला तिची दोन एकर बांधी, म्हणजे धानाचं शेत. नवऱ्याने झाडोरा काढून केलेलं, तो गेल्यावर तिने एकटीने राखलेलं. पण शेताचा पट्टा, म्हणजे जमीन तिच्या नावावर असल्याचा सरकारी कागद, नव्हता. तो मिळावा म्हणूनच ती पक्षात आली होती, भाषणं ऐकायला नव्हे.

आता मुखरूची चूक सांगतो. पावसाळ्यात नाले फुगले की आमचा रस्ता दीड-दोन महिने बंद. जिल्ह्याची कामं अडू नयेत म्हणून तो दरवर्षी ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, वीस कोऱ्या लेटरहेडवर सही करायचा, मला टेकवायचा आणि ते जिल्हाध्यक्षांकडे पोचवायचा. बैठकीला पाठिंबा, कुणाचं अभिनंदन, असलं काही लिहायला. सगळेच तालुके असं करायचे. याला पक्षात ‘विश्वास’ म्हणतात! मला पहिल्या वर्षापासूनच शिसारी यायची. पण शिक्क्याला विचारतो कोण?

१९८६ साली राज्य शाखेचं अधिवेशन नागपुरात ठरलं. आमच्या शाखेने मोहाच्या झाडाखाली बसून ठराव केला, की जंगलजमीन कसणाऱ्यांना पट्टे द्या. मुखरूने तो दोनदा वाचून दाखवला. लोकांनी अंगठे दिले, गुणाबाईचा पहिला. त्या दिवशी मी जीव लावून उमटलो. माझ्या आयुष्यातलं तेवढंच एक खरं बोलणं. ठराव अधिवेशनात मांडायला जिल्ह्याकडे गेला आणि आम्ही वाट बघत बसलो.

दिवाळीनंतर गुणाबाईच्या बांधीत जंगलखात्याच्या हद्दीचे खांब उभे राहिले. ती मुखरूला घेऊन तालुक्याच्या सरकारी कचेरीत गेली. साहेबाने फाइल उघडून एक पत्र पुढे केलं. "आम्हाला काय विचारता? तुमच्याच शाखेने लिहून दिलंय, या तालुक्यात जंगलजमिनीचा प्रश्न उरलेला नाही."

गुणाबाई वाकली. मजकूर तिला वाचता येईना. तिने शिक्क्याखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"मुखरूभाऊ, हा तं आपलाच शिक्का होय."

मुखरूने पत्राखालची आपली सही बघितली. "कोऱ्या कागदावर मारून देल्लो होतो जी, बाई. पावसाच्या पायी. मले का मालूम..."

"कोऱ्यावर काऊन मारला? माहा अंगठा घेतला तवा दोन डाव वाचून दाखवला ना? मंग तुमी आपला शिक्का न वाचता कसा देला?"

मुखरूने पत्र साहेबाकडे परत सरकवलं. मी त्याच्या खिशात होतो. मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

पुढे कळलं ते असं. राज्य शाखेच्या पुढाऱ्यांना तेव्हा सरकारशी जमवून घ्यायचं होतं. आमच्या जिल्हाध्यक्षाने आमचा ठराव दाबला, कोऱ्या कागदावर हे पत्र लिहून सरकारी कचेरीत दिलं, त्याची नक्कल वर पाठवली आणि राज्य कार्यकारिणीत जाऊन बसला. हरामखोर! हो, मी शिक्का आहे आणि मी शिवी देतोय. त्याने एका बाईची जमीन खाल्ली, आणि माझ्या तोंडाने खाल्ली.

मुखरूने राज्य शाखेला सगळं सविस्तर कळवलं. खाली मी पुन्हा उमटलो. महिन्याभरात उत्तर आलं. चिटणीस मुखरू निलंबित, नवीन नेमणूक लवकरच, जुना शिक्का आजपासून रद्द. पत्राबद्दल एक अक्षर नव्हतं. मी रद्द झालो, ते पत्र झालं नाही. ते अजून फाइलीत आहे आणि खांब बांधीत आहेत.

मुखरूने मला गुणाबाईपुढे ठेवलं आणि म्हणाला, "फोडून टाका जी." तिने फोडलं नाही. "राहू द्या. कोनं केलं ते ध्यानात राह्यते." तेव्हापासून मी तिच्या घरी, कोनाड्यात आहे. शाई केव्हाच वाळली. यंदा ती दुसऱ्याच्या बांधीत मजुरीने रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला गेली.

वाचणाऱ्या माणसा, एकच मागणं आहे. त्या वर्षीच्या विसातले एकोणीस कागद अजून जिल्ह्याच्या कपाटात आहेत. मी रद्द झालो तरी त्यांवर मागची तारीख टाकायला कितीसा वेळ लागतो? उद्या तुझ्यापुढे एखादं पत्र आलं आणि शिक्क्याखाली रिकामी जागा दिसली, तर त्यातलं अक्षर खरं मानू नकोस. ते मी बोललो नव्हतो.