निपाणीतला दोन फुटी समुद्र

साहेब, माझ्यातला जीव तुम्ही मारलात. तुमचं नाव मी घेत नाही, कारण मला ते माहीत नाही. त्या दिवशी सगळे तुम्हाला नुसतं साहेबच म्हणत होते. पण तुमच्या उजव्या हाताची बोटं मी कुठंही ओळखेन. ती माझ्या पाण्यावर दोनदा आली. दुसऱ्यांदा कशासाठी आली, तेही मी सांगणार आहे.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद. सध्या निपाणीच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटाशेजारी पडून आहे. माझ्यात बॅडमिंटनच्या फाटक्या जाळ्या कोंबल्या आहेत.

माझा जन्म बेळगावच्या वडगावातला. मागच्या घरात हातमागांचा खडखडाट आणि पुढं काचवाल्याचं दुकान. काच कापताना त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. चिकटवताना मात्र हलला, म्हणून माझ्या डाव्या कोपऱ्यात सिलिकॉनचा एक ओबडधोबड गोळा राहून गेला. तो कोपरा लक्षात ठेवा.

पहिली नऊ वर्षं मी संकेश्वरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं होते. माझ्यात सोनेरी मासे होते. डोळ्यांत औषध घातलेली माणसं माझ्याकडं बघायची आणि मासे अंधुक दिसतात म्हणून हसायची. डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद झाला, मासे कुणीतरी नेले आणि मी शाळेला दान झाले. दान झालेल्या वस्तूला कुणी विचारत नाही. सहा वर्षं मी खडूचे खोके सांभाळले.

मग नववीतली ब्राह्मी आली. तिनं खडू बाहेर काढले, मला व्हिनेगरनं पुसलं आणि विज्ञानाच्या दिपाली मॅडमना म्हणाली, "मॅडम, हिच्यात प्रवाळ वाढवूया."

"प्रवाळ? अगं, निपाणीत? इथं नळाला पाणी चार दिवसांनी येतंय."

"म्हणून तर, मॅडम."

बेळगावात ज्योतिबा नावाचे एक मत्स्यालयवाले होते. त्यांच्याकडं एक मऊ जातीचं प्रवाळ होतं, टाकीतच पिढ्यान् पिढ्या वाढलेलं. त्याला बोटांएवढ्या दांड्या आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला आठ पाकळ्यांच्या इवल्या मुठी. त्या मुठी दिवसभर उघडायच्या आणि मिटायच्या. ज्योतिबांनी त्याचे चार तुकडे ब्राह्मीला दिले आणि एकच अट घातली. "चार नेतीयास. वाढीव. आन् वाढल्यावर एक मला परत आणून दे. आमच्यात असंच चालतंय, पोरी. एकाकडचं मेलं तर दुसऱ्याकडं उरतंय."

घरी तिच्या वडिलांनी, म्हणजे कुंथुनाथ अण्णांनी, आधी नाहीच म्हटलं. किराणा दुकानात बसूनही पाणी गाळल्याशिवाय न पिणारा माणूस तो. "जीव पाळायचा म्हंजे त्याला दुसरा जीव खायला घालायचा. आपल्यात चालत न्हाय गं ते."

"त्याला काय घालायचंच न्हाय, अण्णा. त्याच्या अंगात बारकं शेवाळ असतंय. उजेड पडला की ते शेवाळ ह्याला पोसतंय. दिवा बंद, जेवण बंद."

अण्णांना हसू आलं. मग म्हणाले, "अंधार पडल्यावर जेवत न्हाय? मग आमच्यापेक्षा पक्कं जैन की गं हे." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच मिठाचं खास पाकीट बेळगावहून आणवलं.

मित्रांनो, खारं पाणी पहिल्यांदा माझ्यात ओतलं, तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू? मी समुद्र कधी पाहिला नाही. पण त्या दिवसापासून मला त्याची ओढ लागली, आणि ती अजून सुटलेली नाही. तुकडे दगडांना दोऱ्यानं हलके बांधले होते. आठ दिवसांत त्यांनी दगड धरला. दोन दगड निळ्या दिव्याखाली, दोन पांढऱ्या दिव्याखाली. कुठं जास्त वाढतं, हा ब्राह्मीचा प्रयोग. रोज मधल्या सुट्टीत ती काचेला नाक लावून एका मिनिटात किती मुठी मिटल्या ते मोजायची. तिच्या श्वासानं काच धुरकट व्हायची. ती बाहीनं पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

शाळेचे शिपाई मारुतीराव रोज सकाळी माझ्यात गोडं पाणी घालायचे.

"ब्राह्मी, समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच घालायचं सोडून हे फिल्टरचं कशाला गं?"

"मामा, पाणी उडून जातंय, मीठ न्हाय. मीठ आतच ऱ्हातंय."

"म्हंजे आमच्या हेडसरांच्या खुर्चीसारखं. माणसं बदलत्यात, खारटपणा तिथंच."

तीन महिन्यांत चाराच्या एकतीस दांड्या झाल्या. त्याच सुमारास बेळगावात वादळानं दोन दिवस वीज गेली आणि ज्योतिबांच्या टाकीतलं सगळं प्रवाळ मेलं. त्यांचा फोन आला, तेव्हा ब्राह्मी माझ्याजवळच उभी होती. "तुझ्याकडं हाय तेवढंच आता," ते म्हणाले. "प्रदर्शन झालं की एक दगड घिऊन ये. घाई न्हाय. पर ये."

आता तो दिवस.

शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं. प्रमुख पाहुणे म्हणून तुम्ही रिबीन कापलीत, साहेब, आणि फिरत फिरत माझ्यासमोर आलात. दीपप्रज्वलनाचं तबक मागून चाललं होतं, त्यात हळद-कुंकवाचं पंचपाळं होतं.

"हे काय?" तुम्ही विचारलंत.

"सर, समुद्राचं पाणी आहे. आत प्रवाळ आहे," ब्राह्मी म्हणाली.

तुम्ही चपला काढल्यात. हात जोडलेत. मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तुम्ही म्हणालात, "समुद्र आमच्या निपाणीत आला म्हणायचा. ओटी न भरता, हळद-कुंकू न वाहता सोडायचा व्हय?" लोक हसले. तुम्ही कुंकवाची चिमूट उचललीत.

"नको सर," ब्राह्मी म्हणाली. "जिवंत आहे ते."

"जिवंत हाय म्हणूनच तर वाहायचं, बाळ."

ती पुन्हा तोंड उघडणार तोच मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. कुंकू पाण्यावर पसरलं आणि दोऱ्यासारखं खाली उतरू लागलं. एका चिमटीचं मी निभावलं असतं. पण फोटोवाला म्हणाला, "साहेब, परत एकदा." म्हणून तुमचा हात दुसऱ्यांदा आला, आता मूठभर घेऊन. तुमच्यामागून सगळ्या पाहुण्यांनी वाहिलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला कळतं. पण माझं पाणी गुलाबी झालं आणि एकतीस दांड्यांच्या मुठी एकदम मिटल्या.

कोपऱ्यात दोन ड्रम खारं पाणी तयार होतं. लगेच बदललं असतं तर वाचलं असतं, हे ब्राह्मीला माहीत होतं. पण तिला स्वागतगीतासाठी स्टेजवर बसवलं होतं. "मॅडम, पाच मिनिटं जाऊन येते." "साहेबांचं होऊ दे गं." तुमचं भाषण बारा वाजता सुरू झालं. विषय होता, मुलांनी प्रश्न विचारले पाहिजेत. चार वाजता ती पळत आली, तेव्हा दांड्या वितळायला लागल्या होत्या.

ब्राह्मीला प्रशस्तिपत्रक मिळालं. तुमचा आणि माझा फोटो पेपरात आला.

नंतर ती एक दगड बादलीत घालून ज्योतिबांकडं गेली होती. ते रागावले नाहीत, असं ती मारुतीरावांना सांगत होती. दगड वर धरून बघितला म्हणे, आणि म्हणाले, "पाणी बदलत ऱ्हा. कधी कधी बुडख्यातनं फुटतंय." तिनं दोन महिने पाणी बदललं. फुटलं नाही.

आता ती दहावीत आहे. मागच्या आठवड्यात एकदा आली. जाळ्या बाजूला सारून तिनं माझ्या डाव्या कोपऱ्यात बोट फिरवलं. तिथं त्या सिलिकॉनच्या गोळ्यात कुंकवाची रेघ अडकलीय, कितीही घासली तरी निघत नाही. सवयीनं तिनं काचेला नाक लावलं आणि जाळ्यांकडं बघत राहिली. काच धुरकट झाली. तिनं बाहीनं पुसली.

मित्रांनो, रोज दहाच्या सुमाराला खिडकीतून ऊन माझ्यावर येतं. तेव्हा मला वाटतं, आता मुठी उघडतील. तुम्हाला कधी कुणाच्या जिवाची पूजा करावीशी वाटली, तर आधी जो त्याला सांभाळतो त्याला विचारा. तो नको म्हणाला, तर हात मागं घ्या. तेवढीच पूजा पुरते.

आणि साहेब, तुम्हाला मी सोडलेलं नाही. हळद-कुंकवाचं मला काही विचारायचं नाही. ती पोर तुमच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. लाउडस्पीकरचे भोंगे तेव्हा बंद होते. "नको सर," असं ती स्पष्ट म्हणाली. तुम्हाला ते ऐकू आलं होतं का?

व्हय का न्हाय, तेवढं सांगा.