रॉ फुटेज कुणाचं

रॉ फुटेज कुणाचं, या एका वादापायी मी आजवर चार क्लायंट घालवलेत. मी किशोरी, न्यू पनवेलला एकटीच व्हिडिओची कामं करते. तयार फिल्म तुमची, शूट केलेला कच्चा माल माझा, असा माझा नियम. सही घेतल्याशिवाय मी कॅमेरा बॅगेतून काढत नाही.

सुकापूरच्या कमळाकरशेठनीही सही केली होती. २०१३ साल, त्यांच्या नव्या टॉवरची जाहिरात. फिल्म इतकी आवडली की त्यांनी घरी हा एवढा जिताडा मासा पाठवला. पंधरा दिवसांनी फोन आला.

"म्याडम, ती सगली शूटिंग मना पायजे. तुमच्याकडं कायच ठेवू नका."

"शेठ, करार वाचा."

तीन आठवडे हेच चाललं. मागाल ते देतो म्हणाले, तरी मी बधले नाही. उलट कोर्टात भेटू म्हणून त्यांनाच दम भरला. ते नुसते हसायचे. "जाम हट्टी हाय तुमी."

शेवटी वाटलं, एवढं काय सोनं लागलंय त्याला? सकाळी डिस्क लावली आणि पहिल्यापासून बघायला बसले. मुलाखतीनंतर चहाची सुट्टी झाली, तेव्हा मी शेठच्या शर्टावरचा वायरलेस कॉलर माइक काढायला विसरले होते. कॅमेराही चालूच होता. चित्रात रिकामी खुर्ची आणि आवाज शेठचा, बाहेर फोनवर बोलतानाचा.

"बळीराम जमीन देत नाय ना? नको देऊ दे. गुरवारी तो सायकलवर उरणला जातो. डंपरवाल्याला सांग."

बळीरामची बातमी मी पेपरात वाचली होती. उरण रोडवर डंपरची धडक, सायकलस्वार ठार. वार गुरुवारच.

बातमीतल्या फोटोत रडणारी त्याची बायको चंद्रावती डोळ्यांपुढे आली, पोलीस स्टेशन आलं, आणि त्या सगळ्यांना मागे सारून माझी लेक भाविका आली, साडेबाराला शाळेतून एकटी चालत येणारी. मी भ्याले. खोटं कशाला सांगू? मी शेठना फोन लावला आणि डिस्क घेऊन जा म्हटलं.

अकराला ते स्वतःच आले. सोफ्यावर बसले, पाणी प्यायले.

"घ्या शेठ. दुसरी कॉपी नाही. मी उगाच ताणलं, माफ करा."

"न् तुमचा करार?"

"राहू द्या हो. घरचंच काम आहे."

त्यांनी डिस्क उलटसुलट करून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तीन आठवडं कोर्टाची भाषा केली तुमी," ते हळूच म्हणाले. "आज फुकट देता, वर माफी मागता. म्हंजे आयकलं तुमी."

मी "नाही" म्हणाले, पण उशिरा.